हात वर म्हणजे थांबा

शेडमधले माग सुरू असले की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे. शेजारी उभं राहून कुणी शिव्या घातल्या तरी आशीर्वाद मिळाल्यासारखी मान डोलवावी लागते, असं चिमणी म्हणायची. त्यामुळे तिथे सगळं बोलणं हातांनी चाले. दोन बोटं ओठांशी नेली की पाणी हवं, मनगट चोळलं की सूत तुटलं, आणि हात सरळ वर केला की थांबा. वर गेलेला हात दिसला की आधी आपला माग बंद करायचा आणि मग विचारायचं. कुणाची बाही पट्ट्यात अडकली असेल, कुणाचं बोट. शंका काढायला मागाहून वेळ मिळतो. बोट परत लावायला मिळत नाही.

कांडीमावशी ही भाषा शिकली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा धागा नव्हता. मागात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसतात त्या कांड्यांवर सूत भरायचं हे तिचं काम, म्हणून ती कांडीमावशी. खरं नाव कुणी घेतलं तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावताहेत म्हणून.

तेव्हा शेड मालकाची होती. एका हिवाळ्यात मालक पळाला. इस्पितळाच्या चादरी अर्ध्या विणून मागांवर ताणलेल्या, पगार थकलेले आणि दाराला हे भलंमोठं कुलूप. ते चिमणीने तोडलं. ती फक्त नावाची चिमणी. अंगाने अशी दणकट, की दारात आधी ती शिरायची आणि ती बाजूला झाली की मग उजेड. तिने पहार घातली, कुलूप पडलं, आणि सगळे जण आत जाऊन आपापल्या मागापाशी उभे राहिले. चादरी वेळेत गेल्या नाहीत तर इस्पितळ दुसरीकडे जाणार होतं. बसून चर्चा करायला सवड नव्हती. माग सुरू झाले. मग फिटरने, तेव्हा तो मिसरूड फुटलेला तरुण होता, खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेड आपणच चालवायची. नको असेल त्याने हात वर करावा.

एकही हात वर गेला नाही. माग खडखडत राहिले. असा खडखडाट कांडीमावशीने त्याआधी ऐकला नव्हता आणि पुढेही कधी ऐकला नाही. यंत्रं तीच होती, पण जणू सगळी मिळून हो, हो, हो म्हणत होती.

तेव्हापासून तीच रीत पडली. जगात सगळीकडे पसंती असली की हात वर करतात. या शेडमध्ये हरकत असली की करत. काम चालू राहिलं म्हणजे होकार. एक जरी हात वर गेला तरी सगळी शेड थांबायची आणि त्या एका माणसाचं ऐकून घ्यायची. ऐकून झालं की पुन्हा विचारायचं. निम्म्याहून जास्त हात वर दिसले तर ठराव पडला. आणि कुणालाही कामावरून काढायचं झालं तर ते असं, सगळ्यांसमोरच.

या एका हाताने काय काय वाचवलं! एकदा सूत चोरल्याचा आळ एका नव्या बाईवर आला. सगळे इतके तापलेले, की ती हातात सापडती तर तिलाच मागावर ताणली असती. चिमणीने हात वर केला. शेड थांबली. चिमणी म्हणाली, "मला काही म्हणायचं नाही. कपाट पुढे ओढा, एवढंच." कपाटामागे उंदरांनी सुताचा असा गुबगुबीत संसार मांडलेला, की पाहणाऱ्यांना हसूही आवरेना आणि मान वर करण्याचीही लाज.

अर्थात पाचामुखी परमेश्वर म्हटलं तरी परमेश्वराला रोजच सवड असते असं नाही. टॉवेलची किनार निळी की हिरवी यावर एकदा इतका खल झाला, की गिऱ्हाईक बिनकिनारीचे टॉवेल दुसऱ्याकडून घेऊन गेलं. ते हसण्यावारी नेता आलं. कानांचं तसं नव्हतं. कानांवर घालायची जाड आवरणं आणायची, की वर्षाअखेरचा वाटा सगळ्यांनी घरी न्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा आवरणं नकोत असं ठरलं. हात वर करून कुणीही थांबवलं नाही. चिमणीनेही नाही, तिला त्या वर्षी नवा पलंग घ्यायचा होता. हळूहळू तिचे कान गेले. पुढे कुणी हळहळलं की ती म्हणायची, "मालकाने कान नेले असते तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडली असती. आता कुणाच्या नावाने मोडू? पलंगाच्या?"

भाचा या शेडमध्येच वाढला. कांडीमावशीची धाकटी बहीण गेली तेव्हा तो नुकता चालायला लागलेला. मावशी कांड्या भरायची आणि तो यंत्राखाली रिकाम्या कांड्यांची घरं बांधायचा. पुढे त्याला शिकायला बाहेर पाठवायचं ठरलं तेव्हाही एकही हात वर गेला नाही. शिकून तो परत आला, व्यवस्थापक झाला, दिवसरात्र राबला. तुटत चाललेली गिऱ्हाइकं त्याने परत आणली हे त्याचे शत्रूही कबूल करत, आणि तसे शत्रू त्याला नव्हतेच.

पण काळ कठीण आला होता. इस्पितळांना चादरी स्वस्त हव्या होत्या, पटापट हव्या होत्या. नवी यंत्रं घेतल्याशिवाय निभाव लागणार नव्हता. आणि नव्या यंत्रांना निम्मी माणसं पुरणार होती.

"मावशी, तुमच्या बैठकीत चादर विणून होते, पण निर्णय होत नाही," एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला.

"चादर उसवता येते रे. घरी पाठवलेला माणूस उसवता येत नाही."

"कुणालाच पाठवायचं नाही म्हणशील तर सगळेच घरी जातील. मग बसा सगळे मिळून हात वर करत."

तो चूक बोलतोय असं तिला म्हणता येईना, आणि तेच तिला खुपलं. तिने विचारलं, "चिमणीचं काय?"

"नव्या यंत्रावर धोका असला की घंटा वाजते. तिला ती ऐकू येणार आहे का? एखाद्या दिवशी तिचा हात जाईल, मग तूच मला बोलशील."

"दिवा लाव घंटेच्या जागी. तिचे डोळे घारीसारखे आहेत."

"एकीसाठी दिवा, दुसरीसाठी स्टूल, तिसऱ्यासाठी चष्मा. अशी शेड चालत नाही, मावशी. म्हणून तर म्हणतो, तूर्त अधिकार माझ्याकडे द्या. अडचण सरली की परत घ्या. मी काय परका आहे?"

तूर्त. मालकसुद्धा तूर्तच म्हणाला होता. तूर्त पगार थांबवलाय, असं. कांडीमावशीने ताट उचललं. चिमणीच्या मागे ना नवरा, ना मूल. घर म्हणजे जिन्यावरची एक खोली आणि खरा मुक्काम मागापाशी. नवी यंत्रं आणि माणसं कमी करणं यावरच्या बैठकीचा कागद भिंतीवर लागला होता. त्या बैठकीत आपण हात वर करायचा आणि सगळ्यांना हे सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. पुढचे सगळे दिवस कांड्या भरता भरता ती काय बोलायचं ते मनात घोळवत होती. मधेच ओठ हलायचे. चिमणीने ते टिपलं आणि खुणेनेच विचारलं, जप करतेस का?

बैठक आजवर मागांपाशीच व्हायची. या वेळी भाच्याने गोदाम रिकामं करून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे टेबल, त्यावर माईक. इतकी शांतता होती की लोक उगाच खाकरत होते. शांततेत बसायची त्यांना सवयच नव्हती.

"मावशी, तुम्ही पुढे बसा," भाचा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याने तिला अहो-जाहो केलं. तिला वाटलं, मागे कुणी दुसरी मावशी आहे.

ती पुढे बसली. चिमणी तिच्याशेजारी. चिमणीला काही ऐकू येत नसल्याने ती बैठकीत नेहमी मावशीकडेच पाहत बसे. मावशीचा चेहरा वाचला की बैठक समजली. भाच्याने ठराव वाचायला घेतला. वाक्य लांबलचक होतं, त्यात स्पर्धा होती, भवितव्य होतं, परिस्थितीची निकड होती. मग ते शब्द आले: "कामगारांना घेण्या-काढण्यासह सर्व अधिकार तूर्त व्यवस्थापकांकडे राहतील."

कांडीमावशीचा हात वर गेला.

तो तिने केला नाही, तो गेला. पट्ट्यात बाही दिसल्यावर जातो तसा. त्यानंतर भाचा काहीतरी म्हणाला, शेवटी "हात वर करावेत" असं तिच्या कानावर पडलं, पण तोवर तिचं चित्त मागे गुंतलं होतं. शेजारी चिमणीचा भलामोठा हात वर गेला होता. मागे खुर्च्या करकरल्या, कपडे सळसळले. तिने वळून पाहिलं. गोदामभर हात! म्हाताऱ्यांचे, तरुणांचे, फिटरचा वंगणाने काळा झालेला. शेड अजून जिवंत आहे. इतके सगळे थांबा म्हणताहेत. घोळवून ठेवलेलं भाषण करायचीही गरज उरली नव्हती.

भाच्याने नजर फिरवली, शेजारच्या कारकुनाशी कुजबुजला. मग माईकवर म्हणाला, "आभारी आहे. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर."

आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली. मग पुष्कळांनी.

कांडीमावशी उभी राहिली. "अरे, मंजूर कसला? आम्ही थांबा म्हणून हात वर केलेत!"

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसले ते नवे, ज्यांनी जुनी रीत फक्त ऐकली होती. भाचा हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी स्पष्ट विचारलं होतं, ज्यांना मान्य असेल त्यांनी. तरी कुणाचा हात चुकून वर गेला असेल तर त्यांनी उभं राहून तसं सांगावं. एकेकाने. मी नावं लिहून घेतो."

नावं लिहून घेतो. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं ते आता जो ठरवणार होता, तोच हातात पेन घेऊन विचारत होता. चादरी पेट्यांत भरणारी पेटीवाली उभी राहिली; तिची मुलगी चांगली कमावती होती. कोपऱ्यातून रंगाऱ्याची विधवा उठली. बाकी कुणी नाही. कांडीमावशीने फिटरकडे पाहिलं. फिटर आपल्या बुटांकडे पाहत होता, जणू ते नुकतेच कुणीतरी त्याच्या पायात घातले होते.

चिमणीने मावशीची बाही ओढली. काय झालं? मावशीला खूण सापडेना. शेडच्या भाषेत पाणी होतं, सूत होतं, थांबा होतं. याला शब्द नव्हता.

घरी आल्यावर तिने भाच्याला उभ्याउभ्याच विचारलं, "तू माझ्या यंत्राखाली वाढलास. हात वर म्हणजे काय, ते तुला माहीत नव्हतं?"

भाच्याने चपला काढल्या, नीट भिंतीशी लावल्या. "माहीत होतं."

"मग?"

"मला हेही माहीत होतं की बऱ्याच जणांना नवी यंत्रं हवी आहेत आणि तुझ्या भिडेने ते बोलत नाहीत. आता त्यातला कोणता हात थांबा म्हणत होता आणि कोणता हो, ते तू सांग. तुला कळलं का? मला नाही कळलं."

"मग पुन्हा विचार. तोंडाने बोलू दे सगळ्यांना."

"पुन्हा विचारायचं की नाही हे आता मी ठरवायचं आहे, मावशी. ठराव तोच आहे." तो दमलेला दिसत होता. "आणि मी नाही विचारणार. उद्या यंत्रांची आगाऊ रक्कम द्यायची आहे. विचारलं आणि नाही आलं, तर मार्चपर्यंत शेड बंद. मग तुझी चिमणी काय खाणार?"

लहानपणी खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. मावशीने निरखून पाहिलं. कान लाल नव्हते. लाल असते तर बरं झालं असतं.

जुने माग ट्रकमधून भंगारात गेले त्या दिवशी घरी जाणाऱ्यांनाही निरोप मिळाला. चिमणीला तो कारकुनाने पाटीवर लिहून दाखवला. ती पिशवी घेऊन अंगणात आली तेव्हा कांडीमावशी पाण्याच्या नळापाशी उभी होती. इतके दिवस ती चिमणीला टाळत होती, आणि चिमणीनेही कसं कोण जाणे, विचारलं नव्हतं.

चिमणी तिच्यासमोर उभी राहिली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ती नेहमीसारखी मोठ्याने बोलली आणि अंगणातले सगळे थबकले.

"चांगली यंत्रं आहेत म्हणतात नवी. चादर म्हणे पाण्यासारखी वाहते."

मावशीने तिचे खांदे धरले. तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मी, थांबवायला, हात वर केला होता."

चिमणी तिच्या ओठांकडे पाहत राहिली. "पुन्हा बोल."

मावशी पुन्हा बोलली. या वेळी जवळजवळ ओरडलीच. अंगणात माणसं होती. कुणी पिशवीची गाठ सोडून परत बांधत होतं, कुणी आभाळाकडे पाहत होतं.

"अगं," चिमणी म्हणाली, "मला वाटलं तुला हवंय. तो आत काय वाचत होता ते मला कुठे कळतंय? भिंतीवरच्या कागदावरून एवढं ठाऊक होतं, की म्हाताऱ्यांना काढणारेत. तुझा हात गेला. क्षणभर गोंधळायला झालं मला. सगळीकडे पसंतीचाच हात वर करतात, तसंच असेल इथेही आता, म्हटलं. तिचा भाचा आहे, शेड वाचायला हवी, तिला माझं जाणं पटलं असेल. तिला पटलंय तर माझीही ना नाही. म्हणून मीही केला."

कांडीमावशी नळाच्या कट्ट्यावर बसली. नळ गळत होता; तिचा पाय भिजत होता, तरी तिने तो हलवला नाही.

त्यानंतर ती गप्प बसली नाही, एवढं खरं. भाच्याने तिला घड्या घालायच्या हलक्या कामावर ठेवली होती. काम सुटलं की ती घरोघर जायची. पेटीवाली आणि रंगाऱ्याची विधवा कधी तिच्यासोबत असायच्या. मागणं साधं होतं. ठराव झाला तो झाला. पण सुट्टीच्या दुपारी चिमणीच्या खोलीवर यायचं आणि आपला हात कसला होता ते तिला तोंडावर सांगायचं. तिला ऐकू येत नाही, ओठ वाचता येतात. तेव्हा समोर बसून, तिच्याकडे बघून सांगावं लागेल.

"त्याने काय होणार?" लोक विचारायचे.

"काही नाही होणार. पुढच्या वेळी मत द्यायचं झालं तर कसं द्यायचं, त्याची सवय होईल."

"पुढची वेळ कुठली, मावशी?" असं म्हणून लोक दार लोटून घ्यायचे. काही जण हळूच सांगायचे, "आमचा हात थांबाचाच होता हो." मावशी म्हणायची, "मला नको, तिला सांगा." मग त्यांना काहीतरी काम आठवायचं.

ठरलेल्या दुपारी चौघीजणी चिमणीच्या खोलीत बसल्या. चिमणीने चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं आणि शेजाऱ्यांकडून कप मागून आणले होते. चहा उकळून उकळून काळा झाला. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघी दाराकडे बघायच्या आणि त्यांच्या माना वळलेल्या पाहून चिमणी. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा फिटर आला. हातात टोपी, नवं काहीतरी शिकायला आलेल्या पोरासारखा दारातच उभा.

"ये की रे," चिमणी म्हणाली. "बस समोर."

तो तिच्यासमोर पलंगावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश, ओठ नीट हलवत बोलला.

"माझा हात होचा होता."

कांडीमावशीला वाटलं, चिमणीने चुकीचं वाचलं असेल. पण चिमणीने मान हलवली. "का रे?"

"मुलाला नव्या यंत्रावर घेतो म्हणाले होते. घेतलंय." तो पुढे म्हणाला, "तुझं नाव त्यात असेल हे कळत होतं मला. कळत नव्हतं असं नाही."

पेटीवालीने तोंड फिरवलं. इतक्या दारांवर जाऊन मिळालेलं हे एकच मत, आणि ते असं. कांडीमावशीच्या मनात आलं, याला हाताला धरून जिन्यावरून ढकलून द्यावं. आणि त्याच क्षणी असंही आलं, की अख्ख्या गोदामात खरं काय ते कळलेला हात, आपल्या चौघींचे सोडले तर, आता एवढा एकच.

चिमणी किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत होती. त्याचे ओठ हलायचे थांबले होते तरी पाहत होती. मग ती उठली, पातेल्यातला काळा चहा गाळला आणि कप त्याच्या पुढ्यात ठेवला. माफ केलं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"घे," ती म्हणाली. "आणि जाताना दार उघडंच ठेव. कुणी आलं तर मला कळत नाही."